बीबीसी मायक्रोवर पेटीचा सूर: ग आणि म एकच का वाजतायत?

लालबागचा_आठबिट

नमस्कार मंडळी. ओळखीच्या एका शाळेने भंगारात काढलेला बीबीसी मायक्रो (ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश आठ-बिट संगणक) मी घरी आणलाय. १९८४ च्या क्लास या संगणक-साक्षरता प्रकल्पात शाळाशाळांतून आले होते ना, त्यातलाच. गणपतीत चाळीच्या मंडपात त्याच्याकडून पेटी वाजवून घ्यायची, असा बेत आहे.

बाबांच्या पेटीचा एक सूर फोनवर रेकॉर्ड केला. त्यातलं लाटेचं एकच आवर्तन कापून २५६ सॅम्पलचं (लाटेच्या उंचीच्या नोंदींचं) टेबल केलं, किमती ० ते १५. साउंड चिपच्या एका चॅनलचा पीरियड १ ठेवलाय (म्हणजे तो १२५ किलोहर्ट्झवर, कानाला काहीच ऐकू येत नाही) आणि सेकंदाला ८००० वेळा त्याचा व्हॉल्यूम टेबलातून बदलतो. दर वेळी एक्स रजिस्टर (प्रोसेसरमधला टेबलातली जागा धरणारा कप्पा) सुराप्रमाणे पुढे सरकतं: सा ला ८ घरं, रे ला ९, ग ला १०, प ला १२.

सा रे ग ऐकून आई स्वयंपाकघरातून म्हणाली, वा. मध्यम आला तेव्हा म्हणाली, "अरे, पुढे सरक की!" ग आणि म हुबेहूब एक. वरचा सा उतरलेला. शिवाय खाली सतत घरघर, जुन्या पंख्यासारखी. चिप गेली म्हणायची का?

दादरचे_काका

चिप ठणठणीत आहे हो. गडबड तुमच्या पूर्णांकात आहे.

तुम्ही सा २४० धरलेला दिसतोय, संगीतशास्त्राच्या पुस्तकांत धरतात तसा. २४० गुणिले २५६ भागिले ८०००, उत्तर ७.६८. तुम्ही ८ केलंत. ग ३०० हर्ट्झचा, त्याचे ९.६, तुम्ही १०. म ३२० चा, त्याचे १०.२४, तेही १०! वरच्या सा चे १५.३६, ते झाले १५. खालच्या ८ च्या दुप्पट १६ हवे होते, मग तो उतरणारच. तुमची एक पायरी ३१.२५ हर्ट्झची आहे आणि सा ते रे हे अंतरच ३० हर्ट्झचं. रे ग प जुळले ते निव्वळ नशीब, ८-९-१०-१२ हे शुद्ध स्वरांचंच प्रमाण पडलं म्हणून.

जागा दोन बाइटमध्ये ठेवा. खालचा बाइट अपूर्णांक, वरचा बाइट टेबलातला क्रमांक. खालच्यात बेरीज करा, हातचा आला तर तो वरच्यात आपोआप मिळवला जातो. हातच्यासकट बेरीज करणारी एडीसी सूचना आहे कशाला? पायऱ्या, वरचेच आकडे २५६ ने गुणून, अशा: सा १९६६, ग २४५८, म २६२१, वरचा सा ३९३२. आता एक पायरी सुमारे ०.१२ हर्ट्झची. टेबल मात्र मेमरीतल्या पानाच्या (२५६ बाइटच्या तुकड्याच्या) सुरुवातीलाच ठेवा, पत्ता शून्यशून्यने संपणारा.

घरघर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम दर १० मिलिसेकंदांनी तुमचं काम थांबवून स्वतःची कामं उरकते, ती. एसईआय लावा, हे मध्येच थांबवणं बंद करणारी सूचना. आणि वेळ जुळवायला प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके मोजत बसू नका, व्हीआयएला (बाहेरच्या भागांशी बोलणाऱ्या, टायमर असलेल्या चिपला) हात लावला की प्रोसेसर त्याच्या १ मेगाहर्ट्झशी जुळवून घ्यायला रेंगाळतो. यूझर व्हीआयएचा टायमर १ फ्री-रनवर (आपोआप पुन्हापुन्हा चालणारा) टाका, लॅचमध्ये म्हणजे मोजणीच्या आकड्यात १२३. तो दोन जास्तीचे मोजतो, म्हणजे १२५ मायक्रोसेकंद, बरोबर ८००० वेळा.

मुलुंडची_मृणाल

काकांनी सूर लावून दिला, पण आवाज तरी पिपाणीसारखाच येईल. या चिपमध्ये ० म्हणजे सगळ्यात मोठा आणि १५ म्हणजे बंद, आणि मधली प्रत्येक पायरी २ डेसिबलची. तीन पायऱ्या उतरलात की लाटेची उंची निम्मी! सरळ ० ते १५ भरलेत तर लाट एका बाजूने चेपली जाते. आधी सोळा पातळ्यांच्या खऱ्या उंच्या काढा (१, ०.७९, ०.६३, ०.५० अशा), मग प्रत्येक सॅम्पलला जवळची पातळी शोधा. ती पातळी अधिक १४४ असा चिपला लागणारा तयार बाइटच टेबलात ठेवा, लूपमधलं एक काम वाचतं.

आणि दादा, मंडपात नेण्याआधी पॉवर सप्लायमधले जुने कागदी कपॅसिटर बदला. दमट हवेने त्यांना चिरा जातात. माझ्या मशीनमधला गेल्या जुलैत गेला, घरभर धूर. शेजारच्या काकू पाण्याची बादली घेऊन आल्या, त्यांना दारातच थोपवलं.

लालबागचा_आठबिट

दोन्ही केलं. मध्यम सुटा झाला! सा-प एकत्र हवे होते, तर प दुसऱ्या चॅनलवर टाकला, मिसळायचं काम चिपच करते. कपॅसिटर उद्या लॅमिंग्टन रोडवरून आणतो. फक्त आता वाजायला लागलं की कुठलीच कळ दाबा, दाद देत नाही. बंद कसं करू?

दादरचे_काका

एसईआय लावलंत ना, मग कीबोर्ड बघायला कोण बसलंय? त्यात कीबोर्ड आणि चिप एकाच तारांवर. ब्रेक दाबा, ती कळ थेट रीसेटला जोडलेली आहे. मग ओल्ड टाइप करा, बेसिकमधला प्रोग्राम परत येईल.