गोव्याच्या तालुक्यांना नकाशावरून आकर्षकतेचे गुण द्यावेत का?

नकाशेवाला

"अंतर्भागातलं पर्यटन वाढवू" हे वाक्य गोव्यात प्रत्येक भाषणात येतं, पण अंतर्भाग म्हणजे नेमका कुठला हे कोणी सांगत नाही. सत्तरी म्हटलं की वाळपईचा बाजार आणि म्हादई अभयारण्यातलं रान दोन्ही एकाच पोत्यात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर आहेत. मग कुठला भाग किती आकर्षक हे अंदाजाने का बोलायचं? गुण देऊन बघू.

पद्धत अशी. सगळे थर, म्हणजे एकेका गोष्टीचे नकाशे, आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर पट्ट्यात (ईपीएसजी ३२६४३) आणा. ते अक्षांश-रेखांशातच ठेवून ५०० मीटरचा बफर (भोवतीचा पट्टा) काढलात तर सॉफ्टवेअर ५०० अंश समजतं, आणि उताराच्या नकाशात अख्खा गोवा उभा कडा होऊन बसतो. मग १ किमी बाजूच्या चौकोनांची जाळी टाका. राज्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी, तेव्हा सीमेवरचे तुकडे धरून चारेक हजार चौकोन होतात. प्रत्येक चौकोनाला सहा बाबतींत ० ते १ गुण द्या: दिसणारा देखावा, हिरवळ, पाण्याची जवळीक, वारसास्थळं, पोचायला लागणारा वेळ, राहण्या-जेवण्याची सोय. वजनं साटींच्या एएचपी पद्धतीने, म्हणजे दोन-दोन निकषांची जोडी लावून १ ते ९ मध्ये तुलना. सोपं उदाहरण तीन निकषांचं: देखावा पोचण्यापेक्षा ३ पट, सोयींपेक्षा ५ पट, पोचणं सोयींपेक्षा ३ पट महत्त्वाचं धरलं तर वजनं साधारण ०.६४, ०.२६, ०.१० येतात. सुसंगतीचं गुणोत्तर (तुलना आपसांत किती विसंगत आहेत ते) ०.०३ च्या आसपास, म्हणजे ०.१० च्या मर्यादेत.

शेवटी हवं तर तालुक्याची सरासरी काढा. कोणाला यात काय खटकतं?

खाजनकाठ

खटकतं ते असं की तुमच्या नकाशात डिचोली आणि सांगे फार देखणे दिसणार, आणि तेही चुकीच्या कारणाने.

पाण्याचा थर कसा काढणार? सेंटिनेलच्या बँड ३ आणि ८ वरून एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी ओळखणारा निर्देशांक, बरोबर? ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्यावर कितीतरी खाणींचे खड्डे पाण्याने भरले. उपग्रहाला ते तळंच दिसतं. 'पाण्यापासून अंतर' या निकषात त्याच्या काठच्या चौकोनाला पैकीच्या पैकी. बाजूच्या डंपवर (खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगावर) अकेशियाची लागवड केलेली असते, तिला एनडीव्हीआयचे, म्हणजे हिरवळ मोजणाऱ्या निर्देशांकाचे, चांगले गुण. डंप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच, म्हणून देखाव्यातही बरे गुण. तीन निकषांत पास, आणि जागा कुठली, तर खाणीचा खड्डा!

खाजनाचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचं, याच्या उलट. सपाट जमीन, रस्त्याला लागून, नदी शेजारी, पीक उभं असताना हिरवीगार. यंत्र म्हणणार उत्तम, इथे रिसॉर्ट शोभेल. ती जमीन भरती-ओहोटीच्या पातळीवर आहे, बांध आणि मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर) तगून आहे, हे कुठल्या थरात दिसतं?

रास्टर_राव

खाजनकाठ यांचा मुद्दा खरा आहे, पण तो पद्धतीवर नाही, आळशी थरांवर आहे. खाणपट्ट्यांच्या हद्दीचा थर घ्या, त्यातल्या पाण्याला ० द्या, डंप हिरवळीतून वगळा. खाजनाला वगळणीचा मुखवटा लावा, म्हणजे तो भाग झाकून गणिताबाहेर ठेवा. बेरजेच्या आधी, नंतर नाही. नंतर लावला तर ० ते १ चं मापन त्या वगळलेल्या चौकोनांवरूनच झालेलं असतं.

नकाशेवाला यांनी उंचीसाठी कुठला डेटा घेतला ते लिहिलेलं नाही. एसआरटीएम (अंतराळयानातून केलेली रडार उंचीमोजणी) असेल तर आधी काढून टाका. ते मोजमाप फेब्रुवारी २००० चं आहे. खाणींचा खरा सुळसुळाट त्यानंतरचा. डिचोली-सांगे पट्ट्यात त्या डेटात असे डोंगर आहेत जे आज जागेवर नाहीत. युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटर चौकटींचा घ्या, त्याची रडार मोजणी २०११ ते २०१५ ची आहे.

दोन्हींतली खोट मात्र एकच: ही उंची जमिनीची नाही, झाडांच्या शेंड्यांची. दृश्यपट (एका जागेवरून काय काय दिसतं त्याचा नकाशा) काढताना निरीक्षकाची उंची १.६ मीटर ठेवली की माणूस जमिनीवर नाही, शेंड्यावर उभा राहतो. मोले-कुळेच्या रानात रस्त्यावरून दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही, आणि नकाशा सांगतो की दूधसागरचा कडा समोर आहे. म्हणून दाट रानातले निरीक्षणबिंदू सोडा. सड्यावरचे, पुलावरचे, उघड्या वळणांवरचे घ्या. १० किमी त्रिज्येत एका बिंदूला ३० मीटरच्या साडेतीन लाख चौकटी तपासाव्या लागतात, त्यामुळे हजारो बिंदू एकदम टाकाल तर लॅपटॉप रात्रभर गुरगुरत बसेल.

पेडणेकर_नव्हे

डेटा सुधारा हो, प्रश्न डेटाचा नाहीच. "पोचायला लागणारा वेळ" हा आकर्षकतेचा निकष कसा? मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. त्याच्या आदल्या दिवशीच्या नकाशात पेडणे तालुका दाबोळीपासून दूर, म्हणून मागे. दुसऱ्या दिवशी एकदम वर. तेरेखोलची खाडी तीच, केरीची वाळू तीच, मांद्र्याचं पाणी तेच. आकर्षकता वाढली कुठे? वाढली ती सोय. आणि सोयीला आकर्षकता म्हटलं की पुढचा सल्ला आधीच ठरलेला असतो: रस्ता रुंद करा, गुण वाढतील.

नकाशेवाला

@पेडणेकर_नव्हे: जिथे पोचताच येत नाही ती जागा पर्यटकाच्या लेखी नाही. आकर्षकता ही दगडाच्या वजनासारखी वस्तूतच असते असं तुम्ही धरताय. ती येणाऱ्याच्या नजरेत असते, आणि येणारा घड्याळ बघून येतो.

@रास्टर_राव: कोपर्निकसच घेतला आहे. उघड्या बिंदूंचा मुद्दा घेतो.

तिसवाडीकर

पोचण्याचा वेळ घ्यायचाच असेल तर निदान नीट घ्या. सरळ रेषेतल्या अंतराने दिवाडी बेट पणजीच्या उशाशी येतं. दिवाडीला पूल नाही, फेरीबोटीनेच जावं लागतं. रस्त्यांच्या जाळ्यात फेरीचा दुवा टाकला नाही तर बेट तुटून पडतं आणि गणित त्याला 'पोचता येत नाही' म्हणून रिकामं ठेवतं. टाकला पण वेग रस्त्याचा ठेवला तर बेट फुकटात पुढे जातं. फेरीसाठी धक्क्यावर थांबण्याचा वेळ वेगळा मिळवा. अनमोड आणि चोर्ला घाटात ताशी २५-३० किमीच्या वर वेग धरू नका.

दुसरं, किनारा. 'कोस्टलाइन' या रेषेपासून अंतर मोजलंत तर मुरगाव बंदरातल्या कोळशाच्या धक्क्यालाही समुद्रकिनाऱ्याचे पूर्ण गुण. रेतीचे बहुभुज (रेतीच्या पट्ट्यांच्या आखलेल्या आकृत्या) वेगळे मिळतात, ते घ्या. आणि उंचीच्या थरात समुद्र 'नोडेटा' (माहिती नाही) असेल तर रास्टर कॅल्क्युलेटर, म्हणजे चौकट-चौकट गणित करणारं साधन, किनाऱ्यालगतच्या चौकटी गिळून टाकतो. ज्या पट्ट्यासाठी लोक येतात तोच नकाशातून गायब!

खाजनकाठ

हे सगळं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. इतके मुखवटे, इतके अपवाद आणि दुरुस्त्या करून शेवटी जो आकडा येईल तो नकाशाचा नसेल, दुरुस्त्या करणाऱ्याचा असेल. ०.६४ हे वजन कोणी दिलं? पणजीत एसीत बसलेल्या चौघांनी. जोडीजोडीने तुलना सुसंगत आहे म्हणजे ती बरोबर आहे असं नाही. चौघे मिळून सुसंगतपणे चुकू शकतात. सांग्यातल्या कुळागरवाल्याला विचारा, तो पाण्याला पहिलं ठेवेल. हॉटेलवाला सोयींना ठेवेल.

शिवाय एनडीव्हीआयला कुळागर आणि जंगल यांतला फरक कळतच नाही. सुपारी, मिरवेल, केळ, माड असं चार मजली कुळागर त्याच्या लेखी नुसतं 'दाट हिरवं'. काजूची लागवडही तशीच. बघणाऱ्याला तिन्ही वेगळी.

रास्टर_राव

वजनं कोणाची, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच एक नकाशा काढून थांबायचं नसतं. प्रत्येक वजन २० टक्के वर-खाली करून पुन्हा चालवा आणि वरच्या दहा टक्क्यांतले किती चौकोन टिकतात ते मोजा. जे प्रत्येक वेळी टिकतात तेवढेच सांगा, बाकीचे राखाडी दाखवा. कुळागरवाल्याची आणि हॉटेलवाल्याची वजनं वेगवेगळी चालवून दोन नकाशे शेजारी ठेवले तर भांडण कुठल्या गावांत आहे तेही दिसेल.

माझी खरी तक्रार बेरजेवर आहे. देखावा ०.९ आणि पोच ०.१, समान वजनाने बेरीज ०.५. दोन्ही ०.५ असतील तरी बेरीज ०.५. म्हणजे रानातला कडा आणि हमरस्त्यावरचा सपाट माळ सारखेच! गुणोत्तर मध्य घ्या, म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ: पहिल्याला ०.३, दुसऱ्याला ०.५. मानव विकास निर्देशांकानेही २०१० मध्ये याच कारणाने साधी सरासरी सोडली.

पेडणेकर_नव्हे

आणि तुमच्या गुणोत्तर मध्याने कडा मागे पडला, माळ पुढे गेला! वा. नेमका तोच मुद्दा मांडत होतो.

रास्टर_राव

पडू दे. निदान का पडला ते कळतं: पोच ०.१ म्हणून. पोच वेगळ्या नकाशात टाकून फक्त देखावा, हिरवळ, पाणी, वारसा यांचा नकाशा काढला तर तुमचा कडा पहिला येईल. दोन नकाशे, दोन प्रश्न. हे एका आकड्यात कोंबायचा हट्ट नकाशेवाला यांचा आहे, माझा नाही.

तिसवाडीकर

तालुक्याच्या सरासरीचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. ती काढूच नका. २०११ च्या जनगणनेत तालुके ११. धारबांदोडा त्यात नाही, कारण जनगणनेच्या हद्दी आधीच गोठवलेल्या होत्या. लोकसंख्येचा तक्ता ११ ओळींचा, नकाशा १२ तुकड्यांचा, जोडणी केली की मोले असलेला तालुकाच कोरा. नावावरून जोडलंत तर बार्देझ-बार्देस, सतारी-सत्तरी, सालसेत-साल्सेट असं एकेकाचं स्पेलिंग वेगळं, तेही कोरे. जनगणनेच्या कोडवरून जोडा. फोंडा २०१५ मध्ये उत्तरेतून दक्षिण जिल्ह्यात गेला, तेव्हा जिल्हावार तुलना करतानाही तारीख बघा.

आणि हे सगळं जमलं तरी सरासरी फसवी ती फसवीच. सांगेसारख्या मोठ्या तालुक्यात नेत्रावळीचं रान आणि खाणपट्टा दोन्ही. सरासरी येते मधली, जी त्या तालुक्यात कुठेच नसते.

नकाशेवाला

तालुका सरासरी 'हवं तर' असंच लिहिलं होतं. पंचायतीला आणि खात्याला यादी लागते, चार हजार चौकोन त्यांना नको असतात. पण धारबांदोड्याचा मुद्दा कामाचा आहे.

खाजनकाठ यांना एक विचारतो. नकाशा नको म्हणता, तर मग ठरवणार कसं? आज ठरतं ते कोणाच्या ओळखीने आणि कुठे फोटो जास्त निघतात त्यावरून. फोटोंवरून मोजायचं म्हटलं तर इन्व्हेस्ट या सॉफ्टवेअरमध्ये फ्लिकर या फोटो-साइटवरचे 'व्यक्ती-दिवस' मोजायची सोय आहे, म्हणजे एका माणसाचे एका ठिकाणचे एका दिवसातले कितीही फोटो असोत, मोजणी एकच. तरी सगळा ढीग कळंगुट-बागा-पणजीत पडणार.

खाजनकाठ

मग तो थर निकषात घेऊ नका, एवढं तरी मान्य? जिथे गर्दी तिथे गुण, जिथे गुण तिथे जाहिरात, तिथे आणखी गर्दी. हॉटेलांची घनता हा 'सोयींचा' थरही तेच करतो. शिवाय कळंगुटचा आकडा इतका मोठा की किमान-कमाल पद्धतीने ० ते १ केलं की बाकी गोवा ०.०५ च्या खाली दबतो. लॉगरिदम घ्या किंवा क्रमांकावरून गुण द्या.

पणसायमळचं उदाहरण घ्या. कुशावतीच्या काठावर जांभ्यात कोरलेली चित्रं, नकाशावर एक ठिपका. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर, एक ठिपका. आणि पुढच्या वळणावरचा बारही एक ठिपका. ठिपके मोजून घनता काढलीत तर बारच जिंकणार.

रास्टर_राव

फोटो पडताळणीला ठेवा, निकषात नको. सहमत. एक राहिलंच: ऋतू. सेंटिनेल-२ ची स्वच्छ चित्रं नोव्हेंबर ते मार्चमध्ये मिळतात, पावसात नुसते ढग. मे महिन्याचं चित्र घेतलंत तर सत्तरीतलं पानगळीचं रान करपलेलं दिसतं, तेच जुलैत डोळे निववतं. धबधबे पावसात, पण तेव्हा समुद्रात उतरायचं नाही, शॅक बंद, दूधसागरच्या जीपा बंद. जून-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मे असे दोन संच वेगळे चालवा. वर्षभराचा एकच आकडा म्हणजे कुठल्याच महिन्याचा नाही.

पेडणेकर_नव्हे

करा दोन संच. मग १ किमीचा चौकोन, सर्वे नंबर दिसेल इतका झूम, वर 'आकर्षकता ०.८७' अशी लाल पाटी लावून वेबसाइटवर टाका. दुसऱ्या दिवशी दिल्ली-मुंबईचे गाडीवाले तिथे जमिनीचे भाव विचारत उभे राहतील. कोमुनिदादच्या (गावाच्या सामूहिक मालकीच्या) जमिनीवर आधीच काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नकाशेवाला

प्रसिद्ध करताना ५ किमीचे चौकोन, तेही तीनच रंगांत. १ किमीचा थर पंचायत आणि वनखात्याकडे.

खाजनकाठ

तीन रंगांतही सीमारेषा कुठे टाकता त्यावर गाव लाल की पिवळं ते ठरतं. 'नॅचरल ब्रेक्स' (आकड्यांतल्या मोठ्या फटींवर रेषा टाकणं) लावलंत तर एक चित्र, समान भाग पाडलेत तर दुसरं, आकडे तेच. आणि १ किमीचा थर पंचायतीकडे गेला की बिल्डरकडे जायला किती दिवस लागतात? नकाशा ग्रामसभेपुढे आधी ठेवा, मग खात्याकडे. त्याशिवाय माझा विरोध कायम.

तिसवाडीकर

ग्रामसभेपुढे ठेवायचा तर गुणांचा नको, थरांचा ठेवा. सहा पानं, प्रत्येकावर एकच गोष्ट: पाणी, रान, वारसा, रस्ता, सोय, देखावा. चुकलेलं पाणी कुठलं आणि खाणीचं कुठलं, हे लोक पाच मिनिटांत पेन्सिलीने खूण करून देतील. वजनांचं भांडण त्याच्यानंतर करू.