मदत हवी आहे: घंगाळाची चेटकिणीची कढई करतोय, रंग वाळतच नाही!!

अर्धवट_कारागीर (मंगळवार, रात्री ११.४०)
शनिवारी भाचीचा वाढदिवस. तिला चेटकिणीचं घर हवंय. चोर बाजारातून जुनं घंगाळ आणलं, काळा रंग मारला, वरून सोनेरी स्प्रे. तीन दिवस झाले तरी बोटाला चिकटतंय. काय करू? 'धीर धर' सोडून काहीही सांगा.

पॉलिशपेपर
कसला रंग? घंगाळ पितळेचं की लोखंडावर मुलामा? प्रायमर मारलास? वाळत कुठे ठेवलंय?

अर्धवट_कारागीर
काळा रंग. हार्डवेअरवाल्याने दिला तो.

पॉलिशपेपर
अरे, काळा हा रंग झाला, प्रकार सांग! डब्यावर पातळ करायला पाणी लिहिलंय की टर्पेंटाइन? आणि घंगाळाला चुंबक लावून बघ.

अर्धवट_कारागीर
टर्पेंटाइन. चुंबक कड्यांना चिकटतं, भांड्याला नाही. प्रायमर नाही मारला. घरातच आहे, खिडकीजवळ. परळला.

न्हाणीघर
म्हणजे पितळेचं! पितळेच्या घंगाळाला काळा रंग??? आमच्या आजोळी राजापूरला असंच होतं, भरलं की दोघांना हलायचं नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून घासायला आम्हां पोरांना बसवायचे. शनिवारी त्यात केक ठेवा हवं तर, पण रंग काढा.

गल्लीबोळ
चोर बाजाराला ग्रँट रोड स्टेशन जवळ पडतं, तिथून चालत जा. मटण स्ट्रीटवरची नेहमीची दुकानं शुक्रवारी बंद असतात.

अर्धवट_कारागीर
अहो, घंगाळ आणून झालंय!

पॉलिशपेपर
जुलैतली हवा, ऑइल पेंटचा जाड हात आणि तो ओला असतानाच वर स्प्रे. वरचा थर आवळतो, खालचा ओलाच राहतो. पण तीन दिवसांनी इतका चिकट? आधी कशाने पुसलंस?

अर्धवट_कारागीर
मी नाही, आईने. खोबरेल तेलाने. चमक यावी म्हणून.

पॉलिशपेपर
हे पहिल्या ओळीत लिहायचं रे बाबा! तेलावर रंग धरणार कसा? थिनरने सगळं काढ, मग भांड्याच्या साबणाने दोनदा धू, कोरडं कर, ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने घास. प्रायमर घेताना 'पितळेवर चालेल असा' म्हणून माग, नाहीतर रेड ऑक्साइड देतील, तो लोखंडासाठी. मग पातळ हात, पंख्याखाली. खिडक्या उघड्या ठेव आणि थिनर असताना देवापुढे दिवा नको.

धुरकट
कढईत ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाका! पाणी ओतलं की पांढरा धूर कडेवरून खाली सांडतो. मी हॅलोविनला केलं होतं.

न्हाणीघर
छोट्या खोलीत वीस पोरं आणि ड्राय आइस? उणे ७८ अंशाचा असतो, हात लावला तर कातडी जाते. वर बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो तो वेगळाच.

धुरकट
मी गच्चीत केलं होतं. तुम्हांला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. मग पाण्यात बुडवायचं धुकं करणारं यंत्र आणा, ते थंड धुकं सोडतं.

कुंचला७
ड्रॅगनचं अंडं पण कर. थर्माकोलच्या अंड्यावर चपट्या डोक्याच्या टाचण्या खालून वर एकावर एक टोचत जायच्या, खवले तयार. फक्त स्प्रे मारू नकोस, थर्माकोल विरघळतो. टाचण्यांना आधीच नेलपॉलिश लाव.

गल्लीबोळ
थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

कुंचला७
मग कागदाचा लगदा घ्या. एका अंड्यावरून पोलीस येणार नाहीत, पण मुद्दा बरोबर आहे.

अर्धवट_कारागीर
त्याच दुकानातून आरशाची चौकट पण आणलीय, हिरवा जुना रंग पापुद्र्यांनी निघतोय. तीही घासून घेऊ का?

पॉलिशपेपर
कोरडी घासू नकोस. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत ९०), हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. धूळ पोरांच्या तोंडात जायला नको. सुटलेले पापुद्रे ओल्या फडक्याने काढ, वर वार्निश मार. हिरवट जुनेपणा तुला हवाच आहे ना?

अर्धवट_कारागीर (गुरुवार, दुपारी)
रंग काढला. पूर्ण नाही निघाला, काठाखाली आणि ठोक्यांच्या खळग्यांत काळा अडकून बसलाय, बाकी पितळ डोकावतंय. खरं सांगू? रंगापेक्षा हेच भारी दिसतंय. भाची म्हणाली, 'ही खरी चेटकिणीची आहे.' आता प्रायमरच्या वाटेला जात नाही.

न्हाणीघर
देव पावला. फोटो टाका.

गल्लीबोळ
वाढदिवसानंतर विकणार का? वजन किती आहे?