‘ट्रॅव्हल्स उलटली’ हे मराठी आहे की नाही?

उपसंपादक_अकोला
आमच्या जिल्हा पुरवणीत नवा फतवा निघालाय. बातमीत ‘ट्रॅव्हल्स’ लिहायचं नाही, ‘खासगी प्रवासी बस’ लिहायचं. कारण काय, तर ट्रॅव्हल म्हणजे प्रवास, आणि प्रवास कसा उलटेल? परवा दोन कॉलमात मी ‘ट्रॅव्हल्स पुलावरून कोसळली; प्रवासी बचावले’ असा मथळा दिला. रात्रीत त्याचं ‘खासगी प्रवासी बस पुलाखाली’ झालं. सकाळी एकाने फोन करून विचारलं, पुलाखाली उभी आहे तर बातमी कशाची?

नागपूर-पुणे, लातूर-मुंबई अशा रस्त्यांवर रात्री धावणाऱ्या खासगी बसला सगळा महाराष्ट्र ट्रॅव्हल्स म्हणतो. ‘ट्रॅव्हल्स चुकली’, ‘डबा ट्रॅव्हल्सवाल्याकडे दिलाय, पहाटे स्वारगेटला उतरवून घे’. शब्द स्त्रीलिंगी झालाय, एक असो की चार, रूप तेच, आणि प्रत्ययही बिनतक्रार लागतात. मराठी व्हायला आणखी काय करायचं त्याने?

लाल_शाई
मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे याची किंमत कोण भरतं ते मला दिसतं. दहावीच्या वह्यांत ‘आय वेंट टु पुणे बाय ट्रॅव्हल्स’ दर वर्षी असतं. इंग्रजीत ट्रॅव्हल म्हणजे एकूणच हिंडणं. ‘अ ट्रॅव्हल’ चालत नाही, कारण तो मोजायचा शब्दच नाही. जाऊन परत यायचं ती ट्रिप, इथून तिथे पोचेपर्यंतचं अंतर आणि वेळ ती जर्नी, समुद्रावरून लांब जायचं ती व्हॉयेज. अनेकवचनी ‘ट्रॅव्हल्स’ आहे, पण ती एखाद्याची देशोदेशीची भटकंती. शिवशाहीच्या शेजारी उभी असलेली गाडी नव्हे! एवढं शिकवून होईपर्यंत मुलं घरी जातात आणि बाबा म्हणतात, चल, ट्रॅव्हल्स आली.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, पेपरात बस लिवा म्हना न पोट्ट्यायले. घरी कायले तरास देता? आमच्या इकडे तर ‘स’ बी गेला. ‘ट्रॅव्हल भरली का?’ असंच इचारते लोक.

लाल_शाई
म्हणजे बोलायचं एक, लिहायचं दुसरं. हे चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना सांगून बघा एकदा.

निवृत्त_वाहक
तुम्ही व्याकरणात अडकलात. माझा आक्षेप वेगळा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात प्रवासी गाड्यांचे परवाने वेगवेगळे आहेत. टप्पा वाहतूक म्हणजे वाटेत थांबत, प्रत्येकाचं वेगळं तिकीट फाडत जाणं. ते एसटीचं काम. कंत्राटी परवाना म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडासारखी अख्खी गाडी ठरवून नेणं. यातल्या बहुतेक गाड्यांकडे परवाना दुसरा असतो आणि धंदा पहिला चालतो. प्रत्येक नाक्यावर माणसं भरतात, सीटमागे पैसे घेतात. ‘ट्रॅव्हल्स’ या गुळगुळीत शब्दाखाली हे सगळं झाकलं जातं. एसटीला अपघात झाला की लोक महामंडळाला जाब विचारतात. ‘ट्रॅव्हल्सला अपघात’ छापलं की मालक कोण, परवाना कुठला, कुणीच विचारत नाही.

उपसंपादक_अकोला
काका, ‘खासगी प्रवासी बस’ छापल्यावर तरी मालकाचं नाव कळतं का? ते बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात द्यायचं असतं आणि आम्ही बऱ्याचदा देत नाही, ती तक्रार मान्य. शब्दाचा त्यात दोष नाही.

निवृत्त_वाहक
आहे. लोक जे म्हणतात तेच छापायचं, तर मग दिवाळीत लूट झाली की ‘ट्रॅव्हल्सने भाडं वाढवलं’ एवढंच छापून येतं. 27 एप्रिल 2018 चा शासन निर्णय आहे. खासगी कंत्राटी बसला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेता येत नाही. तिला ‘कंत्राटी बस’ म्हणायची सवय असती तर निदान हा नियम आपल्यालाच लागू आहे हे प्रवाशाला उमगलं असतं.

नंदुरबारी
आधी ‘सगळा महाराष्ट्र’ मागे घ्या. आमच्याकडे सुरतेला जाते ती लक्झरी. मग तिच्या सीटचा स्पंज बाहेर आलेला का असेना.

कोइमतूरकर
तमिळनाडूत अशाच गाडीला ‘ऑम्नी बस’ म्हणतात, त्यावरून आठवलं. ऑम्निबस हा लॅटिन शब्द, अर्थ ‘सर्वांसाठी’. त्यातलं शेवटचं ‘बस’ म्हणजे निव्वळ विभक्तिप्रत्यय. जगाने शब्द टाकून दिला आणि प्रत्यय ठेवला. म्हणजे ‘खासगी प्रवासी बस’ लिहिणारे शुद्धतेसाठी एका तुटक्या प्रत्ययाचा आधार घेताहेत.

लाल_शाई
छान आहे, पण तो प्रत्यय इंग्रजांनीही स्वीकारला. माझ्या मुलाने लंडनमध्ये ‘बस’ म्हटलं तर त्याला बस मिळते. ‘ट्रॅव्हल्स’ म्हटलं तर?

उपसंपादक_अकोला
आणि ‘टेम्पो’ म्हटलं तर? टेम्पो ही हॅम्बुर्गची कंपनी. तिची तीनचाकी आपल्याकडे बजाज टेम्पोने बनवली, आणि कंपनीचं नाव गाडीला चिकटलं. पुढे 2005 मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी माल अजून टेम्पोनेच जातो. इंग्रजीत टेम्पो म्हणजे गती, लय. आमच्याच पुरवणीत आठवड्याला एकदा तरी ‘टेम्पो पलटी’ असतं. लय कशी पलटी होते, हे आजवर कुणी विचारलं नाही. ट्रॅव्हल्सचंही तेच. बसच्या कपाळावर मालकाचं किंवा देवाचं नाव आणि पुढे ट्रॅव्हल्स. नावं बदलत राहिली, पुढचं तेवढं कायम राहिलं, लोकांनी तेच उचललं.

मागचा_बर्थ
ट्रॅव्हल हा शब्द ‘ट्रॅव्हेल’वरून आलाय, म्हणजे हाल, कष्ट. आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘त्रेपालियम’, तीन खुंटांचं छळाचं साधन. मागच्या चाकावरचा वरचा बर्थ, एसीचं पाणी उशीवर आणि पहाटे तीनला ढाब्यावर सगळे दिवे लावून ‘दस मिनिट’. शब्द बरोबर पडलाय, बदलू नका.

निवृत्त_वाहक
हसा. आमच्या एसटीत 75 वर्षांवरच्यांना तिकीट नाही आणि बायकांना अर्धं आहे. तुमच्या ट्रॅव्हल्सला सवलत मागून बघा.

वऱ्हाडी_ठेचा
काका, रात्री नऊनंतर आमच्या फाट्यावर यष्टी थांबत नाई. थांबली तर तिच्यातच बसू.

उपसंपादक_अकोला
मी संपादकांना कोशातल्यासारखी नोंद करून देणार आहे. ‘ट्रॅव्हल्स, स्त्री.: लांब पल्ल्याची, बहुधा रात्री धावणारी खासगी बस.’

निवृत्त_वाहक
‘कंत्राटी परवान्यावर टप्पा वाहतूक करणारी’ एवढं घाला.

उपसंपादक_अकोला
ते आरटीओच्या चलानात शोभेल.

लाल_शाई
नोंद करा, पण ‘इंग्रजीतून आलेला’ असं लिहू नका. इंग्रजीत या अर्थाने तो नाही.

उपसंपादक_अकोला
मग मूळ काय लिहू, मॅडम?

लाल_शाई
बसवरच्या पाटीवरून.