कोकणातून जोधपूरला शिकायला जातेय, तिकडे कॉलेजच्या मुलींचा रोजचा दिवस कसा असतो?

रातांबा:

नमस्कार मंडळी. मी दापोलीजवळच्या एका गावातली, बारावी झाली आणि जोधपूरच्या एका कॉलेजात ॲडमिशन मिळालीय, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. घरातलं कुणीच कधी राजस्थानात गेलेलं नाही, आई रोज रात्री मोबाईलवर तिकडचं तापमान बघते आणि सकाळी मला सांगते, त्यामुळे माझ्या पण पोटात आता गोळा यायला लागलाय.

मला विचारायचं ते कॉलेजच्या अभ्यासाबद्दल नाही, ते होईल. मला झाडांचं वेड आहे, लहानपणापासून वही घेऊन झाडांची चित्रं काढते, पानं, फळं, बिया सगळं, सहा वह्या भरल्यात. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीवर सुद्धा काहीतरी उगवतं. तिकडे वर्षाला छत्तीस सेंटिमीटरच्या आसपास पाऊस म्हणे, एवढा तर आमच्याकडे जुलैत आठवड्याभरात पडतो. मग मी तिथे काय काढू? आणि संध्याकाळी मुली फिरतात का, खाण्याचं काय, उन्हाळ्यात माणसं जगतात कशी, सगळंच सांगा. गणपतीत घरी नसणार हे आठवलं की रडू येतं ते वेगळंच.

---

निळी_गल्ली:

रातांबा, मी आता थर्ड इयरला आहे जोधपूरलाच, मूळची साताऱ्याची. तुझी पोस्ट वाचून लगेच लिहायला बसले कारण दोन वर्षांपूर्वी मी पण हेच सगळं मनात घेऊन आले होते आणि मला सांगणारं कुणी नव्हतं.

पहिली गोष्ट घड्याळाची. इथला दिवस आपल्यासारखा सलग नसतो, त्याचे दोन तुकडे असतात. मार्चअखेरपासून जूनपर्यंत सकाळी साडेपाचला उठायचं, जे काही बाहेरचं काम आहे ते नऊच्या आत, मग लेक्चर, आणि दुपारी एक ते पाच बाहेर पडायचंच नाही, खोलीत अंधार करून झोपायचं किंवा वाचायचं. मी पहिल्या वर्षी आपल्या सवयीने दुपारी अडीचला झेरॉक्स काढायला चालत गेले आणि दोन दिवस ताप घेऊन पडले, तेव्हापासून नाही. संध्याकाळी साडेसहानंतर शहर परत उघडतं, घंटाघरच्या सरदार मार्केटात पाय ठेवायला जागा नसते, बायका-पोरी सगळ्या बाहेर, आम्ही चारपाचजणी आरामात रात्री साडेनऊपर्यंत असतो. तूरजी का झालरा म्हणून अठराव्या शतकातली बारव आहे जुन्या शहरात, लाल दगडाची, कित्येक वर्षं कचऱ्याने भरलेली होती ती साफ करून परत उघडली, तिच्या पायऱ्यांवर बसून मी अख्खं सेमिस्टर वाचून काढलंय. पाण्याच्या कडेला हवा खरंच गार असते.

हवा कोरडी असते म्हणून एप्रिल-मे मध्ये साधा कूलर इथे जबरदस्त चालतो, वाळ्याच्या पडद्यातून पाणी उडून हवा गार होते. पण तू ऑगस्टमध्ये येणार तेव्हा दमट असतं आणि तोच कूलर नुसता चिकट वारा मारतो, तेव्हा घाबरू नको, ते महिनाभरच असतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री तापमान आठ-दहा डिग्रीवर जातं, जाड रजई लागते. आईला हे पण सांग, ती फक्त मे महिना बघत असेल.

आता झाडं. अगं तू योग्य जागी येतेयस. मेहरानगढ किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, साधारण सत्तर हेक्टर, सगळा ज्वालामुखीचा खडक, माती जवळजवळ नाहीच. तिथे पूर्वी नुसती वेडी बाभूळ माजली होती, इथे तिला बावळिया म्हणतात, बाहेरच्या देशातलं झाड, सांगतात की १९३० च्या सुमारास महाराजांनी विमानातून तिचं बी टाकलं होतं. वरून तोडली की परत फुटते, मूळ खडकाच्या भेगेत. २००६ ला ते पार्कचं काम सुरू झालं, झाडांवर पुस्तकं लिहिणाऱ्या प्रदीप क्रिशन यांनी ते हाती घेतलं, आणि शेवटी उपयोगी पडले ते खंडवालिया, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खाणीत दगड फोडणारे लोक. ते खडकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून सांगायचे की आत भेग कुठे आहे, दगड कुठे सुटेल, आणि तसं खणून त्यांनी बावळिया मुळासकट काढली आणि त्याच खड्ड्यांत मारवाडची स्वतःची झाडं लावली. २०११ ला पार्क उघडला. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला राहवेना, दुसऱ्या रविवारी परत गेले.

आणि तू येतेयस त्या ऑगस्टमध्येच ते बघायचं! थोर (दिसायला निवडुंगासारखा) वर्षभर काटेरी काड्यांचा ढीग दिसतो, पाऊस पडला की त्याला पानं येतात. खडकाच्या फटीत गवतं, बारक्या वेली, सगळं दीड-दोन महिन्यांत उगवून फुलून बी टाकून मोकळं होतं. कोकणात झाडाला घाई नसते, इथल्या झाडाला असते, म्हणून काढायला रोज वेगळं मिळतं. तुझ्या ओळखीचे पण भेटतील, आक म्हणजे आपली रुई, केर म्हणजे नगर-सोलापूरकडची नेपती, रोहिडा म्हणजे रक्तरोहिडा. आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला पूजा करतो तीच. इथे ती शेताशेतात उभी असते, मे महिन्यात सगळं करपलेलं असताना हिला नवीन पालवी असते कारण मुळं फार खोल जातात. शेतकरी तिला तोडत नाहीत, तिच्याखाली बाजरी चांगली येते, पाला बकऱ्या-उंटांना, त्याला लूंग म्हणतात, आणि शेंगा म्हणजे सांगरी माणसांना.

जमलं तर खेजडलीला जा, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. १७३० मध्ये राजाची माणसं चुन्याच्या भट्टीसाठी खेजड्या तोडायला आली तेव्हा गावातली अमृतादेवी आणि बिष्णोई लोक (झाडं-प्राणी जपणारा पंथ) झाडांना मिठी मारून उभे राहिले, ३६३ माणसं मारली गेली. भाद्रपद शुद्ध दशमीला तिथे मेळा भरतो. म्हणजे तुमच्याकडे गणपती बसलेले असतील त्याच दिवसांत. मी पहिल्या वर्षी गणपतीत फार रडले, पण त्या मेळ्याला गेले, बिष्णोई बायका लालभडक ओढण्या आणि अंगभर सोनं घालून झाडांच्या नावाने हजारोंनी जमलेल्या बघितल्या, आणि मला आतून बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी आम्ही होस्टेलच्या मुलींनी शाडूचा दीड दिवसाचा बसवला. यंदा तुझी मदत घेणार, मोदकाच्या पाकळ्या आम्हाला कुणाला जमत नाहीत.

---

इचलकरंजीचा_मारवाडी:

ताई, आमचं मूळ गाव पाली जिल्ह्यात, तीन पिढ्या इचलकरंजीत, घरात मारवाडी आणि बाहेर अस्सल कोल्हापुरी. खाण्याचं आणि भाषेचं मी सांगतो की.

पहिलं म्हणजे भाषेला भिऊ नका, मारवाडीत ळ आहे आपल्यासारखाच. हिंदीवाल्यांना जमत नाही, तुम्हाला जमेल, आणि एकदा बाजारात नीट ळ म्हणून दाखवला की म्हातारी माणसं खूश होत्यात. बोलताना मागे सा लावायचा, हां सा, ना सा, आओ सा, मोठ्यांना खम्मा घणी म्हणायचं, एवढ्यावर पहिले तीन महिने निघतात.

खायला सकाळी मिरचीबडा, मोठी मिरची बटाट्याचं सारण भरून बेसनात तळलेली, तिथं पोरं ती ब्रेडमध्ये घालून खातात, आपल्या वडापावच्या जवळचं काम. कांद्याची कचोरी, मावा कचोरी गोड. घंटाघरापाशी माखनिया लस्सी चमच्यानं खायची, पिता येत नाही इतकी घट्ट. पण हे सणासुदीचं समजा. रोजचं जेवण म्हणजे बाजरीचा सोगरा म्हणजे भाकरी, लसणाची चटणी मथानियाच्या मिरचीची, गट्टे, कढी, राबोडी. आणि पंचकुटा, केर सांगरी कुमटिया गुंदा आणि आमचूर, सगळं वाळवलेलं, कारण ताजी भाजी वर्षभर मिळायचीच नाही तिथं. प्रवासात चार दिवस टिकतो. आमची आजी म्हणायची, दुष्काळात लोक सांगरीवर जगले, तुम्ही लग्नात हौसेनं खाता. तिथं पाहुणा म्हणून गेलात तर ताटात वाढलेला पंचकुटा टाकू नका, एवढंच सांगायचं होतं.

मासे मात्र कोकणासारखे विसरा.

---

कमायचा_वेडा:

मी जोधपूरमध्ये पाच वर्षं शिकलो, आता पुण्यात नोकरी. झाडांबद्दल वर छान लिहिलंय, मी गाण्याबद्दल लिहितो कारण माझं त्या शहराशी नातं त्यातूनच जुळलं.

कोजागिरीच्या आसपास मेहरानगढावर रिफ म्हणून लोकसंगीताचा महोत्सव असतो, २००७ पासून. पूर्ण चंद्र, किल्ल्याची भिंत आणि लंगा-मांगणियार, म्हणजे तिकडचे पिढीजात लोकगायक, गातायत. पहाटे किल्ल्याजवळच्या जसवंत थड्यावर (राजाचं स्मारक) पण मैफल असते, अंधारात जाऊन बसायचं आणि गाणं चालू असताना उजाडतं. तिकीट विद्यार्थ्याला जड जातं, मी दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करून ऐकलं, कॉलेजात चौकशी कर. मांगणियारांचा कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, आंब्याच्या लाकडाचा असतो, त्यावर बकऱ्याचं कातडं, आणि आवाज असा की गाणारा माणूस गप्प झाला तरी कुणीतरी गातंय असं वाटतं. ही मंडळी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी जन्म-लग्नाला गातात, कृष्णाची पण गातात. लोककलेचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी १९६० मध्ये लेखक विजयदान देथांबरोबर बोरुंदा गावात रूपायन संस्था काढली आणि ही गाणी गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रित केली. त्यांचंच अरणा झरणा संग्रहालय मोकळावास गावाजवळ आहे, तिथे काय आहे माहितीये का, झाडू! राजस्थानभरचे केरसुण्या-झाडू, कुठला कुठल्या गवताचा, अंगणाचा वेगळा, खळ्याचा वेगळा, कोण बनवतं, बनवणाऱ्यांचं जगणं कसं. हिराच्या केरसुणीच्या प्रदेशातून येणाऱ्या आणि झाडं काढणाऱ्या मुलीने वही घेऊन तिथे एक अख्खा दिवस काढावा असं मला मनापासून वाटतं.

अजून एक, एप्रिलमध्ये धिंगा गवर चुकवू नकोस. आपल्याकडे चैत्रगौरीची हळदीकुंकवं चालू असतात तेव्हाच तिकडे गणगौरीनंतर सोळा दिवस पूजा असते आणि शेवटच्या रात्री जुन्या शहरात बायका देवाची, पोलिसाची, डाकूची सोंगं घेऊन हातात काठी घेऊन रात्रभर रस्त्यावर असतात. समोर येणाऱ्या पुरुषाला काठी बसते, लग्न न झालेल्याला बसली तर लवकर लग्न ठरतं म्हणतात. ती रात्र बायकांची असते, आम्ही मुलं भिंतीला चिकटून उभे राहायचो. संध्याकाळी मुली फिरतात का असं विचारलंयस म्हणून मुद्दाम सांगितलं.

---

खिडकीतली_वाळू:

सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय ते खरंच आहे पण थोडं त्रासाचं पण सांगायला हवं नाहीतर पोरगी तयारीशिवाय येईल. मे-जूनमध्ये आंधी येते, आभाळ आधी पिवळं मग तांबूस होतं आणि दहा मिनिटांत पुस्तकं, गादी, दात सगळीकडे वाळू. दाराच्या फटीला ओलं फडकं लावायचं आणि लॅपटॉप पिशवीत, हे आधीच शिकून घे. पाणी जड असतं, केस गळतात. जोधपूरचं पाणी इंदिरा गांधी कालव्यातून उपसून आणलेलं, कायलाना आणि तखतसागर तलावांत साठवतात, आणि कालव्याच्या दुरुस्तीसाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी नहरबंदी असते तेव्हा शहरात पाणी एक दिवसाआड वगैरे येतं. आमच्या होस्टेलात त्या दिवसांत बादल्या मोजून मिळायच्या आणि टाकी साफ करायला तीनदा अर्ज केला तरी कुणी लक्ष दिलं नव्हतं, शेवटी आम्ही मुलींनीच उतरून घासली. मी पण कोकणातली, पाणी असं मोजायला लागतं हे आधी कळतच नव्हतं. एक झाकणाची बादली आल्या आल्या विकत घे, शहरात स्वस्त मिळते.

बाकी फलोदी जवळ खीचनला थंडीत कुरजां येतात, करकोचे, हजारोंनी, गावचे लोक त्यांना धान्य घालतात. पहाटे पाचला निघायचं म्हणजे सकाळचा दाणा टिपताना दिसतात. त्यासाठी मी पाण्याचं सगळं विसरायला तयार आहे.

---

रातांबा:

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मी हे सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. शमीचं ऐकून ती म्हणाली मग ठीक आहे. (आमच्या ग्रामदेवतेच्या आवारात एक आहे, तिचं चित्र चौथ्या वहीत आहे माझ्या, आता शेताशेतात बघायची म्हणजे कसं वाटेल.) सातवी वही कोरी आणतेय. निळी_गल्ली ताई, मोदकांची जबाबदारी माझी, तांदळाची पिठी आंबेमोहोराची घेऊन येते. अजून दोनच प्रश्न, कोकम आगळ आणू का, आणि सूर्यनगरी एक्सप्रेसचं तिकीट काढलंय ते बरोबर आहे ना?

---

निळी_गल्ली:

आगळ आणच, काचेच्या बाटलीत नको, प्लास्टिकच्या दोन, वरून सेलोटेप. सूर्यनगरी बरोबर आहे, बांद्र्याहून दुपारी सुटते आणि सकाळी जोधपूर. रात्री झोपून घे पण पाली मारवाड आलं की उठून खिडकीत बस, बाजरीच्या शेतात मधेमधे एकेकटी झाडं उभी दिसतील, ती खेजडी. वही वरच्या खणात ठेवू नकोस.