वादळाने केळीबाग आडवी झाली, पंचनाम्याआधी खोडं कापावीत का?

तापीकाठ
परवा संध्याकाळी पाचला सातपुड्याकडून काळं आभाळ चढलं. आधी गार वारा सुटला आणि पावसाचे थेंब पडायच्या आतच बाग झोपली. सगळा खेळ वीस मिनिटांचा. रावेर तालुक्यात आमची केळीची साडेतीन हजार झाडं आहेत, जी-नाइन जातीची. घड भरायला महिना राहिला होता. दोन हजारांच्या वर आडवी झाली. वडील कालपासून बांधावर बसून आहेत, जेवायलाही उठत नाहीत.
विमा काढलेला आहे. पण भरपाई हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, ते केंद्र नऊ किलोमीटरवर, आणि त्या गावात म्हणे पानही हललं नाही. मग आमचा वारा धरणार कसा? आणि बाग साफ करू की तशीच राहू देऊ?

निसवण
दादा, कोयता लावू नका. आधी विमा कंपनीला कळवा. मुदत 72 तासांची, म्हणजे तुमच्याकडे उद्या पाचपर्यंत वेळ आहे. तलाठी आणि कृषी सहायकांकडे वेगळा अर्ज द्या. सरकारी मदतीला 33 टक्के नुकसान लागतं, तुमचं त्याहून कितीतरी जास्त आहे. हवामान केंद्राची नोंद कमी निघाली तरी ती वाट बंद होत नाही.
फोटो चारही कोपऱ्यांतून काढा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून.

यावलकर
झाडं एकाच दिशेला पडलीत का? तसं असेल तर ही वावटळ नव्हे. पावसाने गार झालेली जड हवा ढगातून खाली आदळते आणि जमिनीलगत पसरते. तिचा पट्टा कधी दोन-चार किलोमीटरचाच असतो, म्हणून पलीकडचं गाव कोरडं राहतं. चक्रीवादळाची वर्दी दोन दिवस आधी मिळते, याची अर्धा तासही नाही. आणि केळीला लाकूड कुठे असतं? पानांच्या देठांचीच गुंडाळी ती. त्यावर वीस-पंचवीस किलोचा घड लोंबतो.
पंचनामा झाला की मोडकी खोडं कापा, पण कंद उपटू नका. प्रत्येक बुडाशी एक तलवारी पील (कंदातून फुटलेलं अरुंद पानांचं जोमदार रोप) राखा, त्यावरच पुढचं पीक, म्हणजे पिलबाग, उभी राहील.

तापीकाठ
तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. तलाठी उद्या येतो म्हणाले. यावलकर, सगळी दक्षिणेकडेच पडलीत. वडिलांना बागेत फिरवून आणलं, तेव्हा एक दिसलं: उत्तरेच्या बांधावर थोडी शेवरी आहे, तिच्या आडोशाच्या चार ओळी घडांसकट उभ्या आहेत. शेवरीचं बी जवळपास कुठे मिळेल?