व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो १२ × १८ मध्ये फुटतोय

नौपाडाकर: पाडव्याच्या शोभायात्रेतला, कोपिनेश्वर मंदिराजवळचा एक फोटो १२ × १८ इंच फ्रेमसाठी छापायचा आहे. भाच्याने मोबाइलवर काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फाइल १६०० × १२०० पिक्सेल, ३१० केबी. फोटोशॉपमध्ये रिझोल्यूशन ७२ चे ३०० केले, फाइल ६६६७ × ५००० झाली, तरी नमुना प्रिंटमध्ये चेहरे पुसट आणि लेझीमच्या कडेला चौकोनी ठिपके. पुढे याचीच २० × ३० करता येईल का?

वाशी_प्रिंट: रिझोल्यूशन बदलताना ‘रिसॅम्पल’ची खूण चालू राहिली. वाढलेले पिक्सेल फोटोशॉपने अंदाजाने भरलेले आहेत, त्यांत नवा तपशील काहीच नाही. खरा हिशोब १६०० ÷ १८, म्हणजे इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० उत्तम, २०० ला काम भागते, १५० च्या खाली फुटणे दिसू लागते. चौकोन आले ते जेपेगचे, म्हणजे फोटो दाबून लहान ठेवणाऱ्या फाइल-प्रकाराचे. जेपेग फोटो ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबतो, आणि तुम्ही ठोकळेही चौपट मोठे केलेत.

या फाइलवर आणखी वेळ घालवू नका. भाच्याला मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्यायला. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एचडी’ निवडले तरी फोटो दाबला जातोच. मूळ फाइल ४००० × ३००० असेल तर १२ × १८ ला २२२ मिळतात. छान येईल.

येऊर_फोटो: एक गोष्ट राहिली. मोबाइलचा फोटो ४:३, तुमची फ्रेम ३:२. रुंदी १८ इंच धरली तर उंची साडेतेरा होते, म्हणजे दीड इंच कापावाच लागेल. लॅबवर सोडलंत तर वरून-खालून सारखाच कापतात आणि नेमका ध्वजाचा शेंडा जातो. कुठून कापायचं ते स्वतः ठरवा. कापायचंच नसेल तर १२ × १६ चा फोटो ठेवून डाव्या-उजव्या बाजूला एकेक इंच पांढरी पट्टी सोडा, फ्रेममध्ये ती शोभते.

मूळ फाइल तेवढी असेल तर २० × ३० ला इंचाला १३३ पडतात. पाच-सहा फुटांवरून भिंतीवर बघायला पुरेसे आहेत, पण यात्रेच्या फोटोत लोक जवळ जाऊन चेहरे शोधतात, तिथे पुसटपणा जाणवेल.

१२ × १८ ची प्रिंट काढण्याआधी कापून तयार झालेल्या फाइलमधून चेहऱ्यांचा ८८८ × १३३२ पिक्सेलचा तुकडा काढून ४ × ६ वर छापून घ्या. १२ × १८ मध्ये तो भाग तंतोतंत तेवढाच दिसणार आहे. काळोखी आली तर तीही इथेच कळते. मोबाइलचा पडदा आतून उजळलेला असतो, कागद नसतो, म्हणून सावल्या थोड्या उचलाव्या लागतात.

नौपाडाकर: मूळ फाइल आली, ४००० × ३०००, ४.८ एमबी. पण प्रॉपर्टीजमध्ये अजून ७२ डीपीआयच (इंचाला ७२ ठिपके) दिसतंय?

वाशी_प्रिंट: तो आकडा फाइलला चिकटवलेली चिठ्ठी आहे, पिक्सेल तेवढेच राहतात. इमेज साइझमध्ये रिसॅम्पलची खूण काढा, मग रुंदी १८ लिहा, २२२ आपोआप दिसेल. शेवटी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीमध्ये ‘कन्व्हर्ट’ करा (‘असाइन’ केलंत तर रंग बदलतील) आणि जेपेग क्वालिटी ११ किंवा १२ वर एकदाच सेव्ह करा. लॅबला ‘ऑटो करेक्शन बंद’ असं ऑर्डरवर लिहून द्या, नाहीतर उचललेल्या सावल्या ते पुन्हा बदलतील.