प्रति: दहावीला क्लास लावायलाच हवा का?

'शाळेत शिकवतात, मग क्लास कशाला?' हा काही पालकांचा प्रश्न मला पटतो, आणि मी स्वतः दहावीच्या गणिताची शिकवणी घेतो. बालभारतीचे सरावसंच आणि प्रकरणाशेवटचे संकीर्ण प्रश्नसंग्रह जो मुलगा स्वतः वहीत सोडवतो, त्याला माझी गरज नसते. त्याच्या पालकांना मी तसं सांगून परत पाठवतो. बाकीच्यांचं अडतं ते बहुतेक वेळा वर्गसमीकरणात नव्हे, तर सहावी-सातवीच्या अपूर्णांकांत, अधिक-उणे चिन्हांत. साठ मुलांच्या वर्गात हे हुडकायला शिक्षकाला उसंत कुठली? अशा मुलाला दोन-तीन महिने शिकवणी जरूर लावा. पण पाचवीतलं पोर शाळेतून आल्याआल्या पुन्हा दोन तास क्लासला बसवलेलं मला खरंच बघवत नाही.